बाबांना कोण सांगणार?

दवाखान्याच्या दारात समोर आला तो पहिलाच पांढरा कोट हर्षलाने अडवला. "सर्जन म्हणतात कापा, औषधवाले म्हणतात थांबा, किरणवाले म्हणतात बघू. माझा बाप हाय तो, पोस्टाचं पाकीट नाय."

"मी योगेंद्र. मी फक्त श्वास घ्यायला शिकवतो," तो म्हणाला.

"ते काय शिकवावं लागतं?"

"तुम्हाला आत्ता लागेल."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच राग आला.

कडाव गावच्या नागूच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या, फुप्फुसात कॅन्सरची गाठ होती. जन्मात बिडीला हात न लावलेल्या माणसाला जो तो विचारायचा, किती ओढता? तिचं डोकंच फिरायचं. योगेंद्रने तसं विचारलं नाही. छातीला बळ यावं म्हणून त्याने बाबांना तीन चेंडूंची नळी दिली. बाबा श्वास ओढायचे, चेंडू वर जायचे, आणि हर्षला चेंडू सोडून भलतीकडेच बघत राहायची…

अखेर सगळे डॉक्टर एका टेबलाशी बसले. ठरलं ते एकच — ऑपरेशन, तेही गाठ पसरायच्या आत. पण घोडं अडलं हर्षलापाशी. छातीत पाणी झालंय, असं तिने बाबांना सांगून ठेवलं होतं. आणि बाबा म्हणत, "पान्यासाठी कोन छाती फाडून घेतं गं?"

"तुमी सांगा, पाणी लई झालंय," ती योगेंद्रला म्हणाली.

"खोटं सांगून इथे कुणी त्यांची सही घेणार नाही."

"आमच्यात असं तोंडावर सांगत नाय. दगड हाय तुमी."

"असेन. पण तुम्ही सांगाल तेव्हा मी शेजारी उभा राहीन. मी म्हणजे… आमची सगळी टीम."

शेवटी तिनेच सांगितलं. बाबा भडकले. "छाती माजी, नि मला सोडून समद्यांना ठावं?" दिवसभर ते तिच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "आन ती नळी. कापायचं तर नीट कापू दे."

ऑपरेशन पार पडलं. टाके सुकत आले, आणि एक दिवस व्यायाम शिकवायला योगेंद्रऐवजी दुसऱ्याच बाई आल्या. हर्षलाने त्याला कँटीनमध्ये गाठलं.

"अर्ध्यात सोडलंत माझ्या बापाला?"

"टीमला सांगून सोडलं. मला त्यांच्या मुलीला काही विचारायचं होतं. पेशंट माझ्या हाताखाली असताना ते विचारणं बरं नव्हे."

"काय विचारायचंय?" तिचा आवाज अजून चढाच होता.

"हर्षला… माझा जीव जडलाय तुझ्यावर. लग्न करशील?"

ती त्याच्याकडे रागाने बघत राहिली. मग त्याचा हात धरून वॉर्डाकडे निघाली.

"कुठे?"

"बाबांकडं. त्यांना सोडून आता काय ठरायचं नाय."

"ते नाही म्हणाले तर?"

"मी हो म्हटलंय," ती म्हणाली. "तेबी सांग त्यांना."