डावा झोत बोटभर वर

पहिल्या भेटीत मला डोळा मारला तो त्याने नाही, त्याच्या गाडीने.

मी गॅरेजच्या दारात उकिडवी बसून बॅटरीची टोकं घासत होते. समोर एक जुनी, बुटकी, दोनच माणसांची लाल गाडी येऊन थांबली. तिच्या बॉनेटवर दोन झाकणं होती. उजवं झटक्यात वर आलं आणि त्याखालचा दिवा माझ्याकडे बघू लागला. डावं अर्ध्यावर कुरकुरत अडलं... मग उपकार केल्यासारखं उरलेलं वर आलं, तेही तिरकं.

"माफ करा," उतरणारा म्हणाला. "ती सगळ्यांशीच अशी वागते."

"आणि तुम्ही?" मी विचारलं, आणि लगेच जीभ चावली. पण तो हसला, आणि मला बरं वाटलं.

तो दोन गल्ल्या पलीकडचा चष्मेवाला निघाला. चांगला उंच, भरदार माणूस, आणि त्या एवढ्याशा गाडीतून तो उतरायचा तेव्हा गाडी सुटकेचा श्वास घ्यायची. अख्ख्या वस्तीच्या नजरा तपासणाऱ्याची स्वतःची गाडी तिरळी, म्हटल्यावर काकांना राहवतंय कुठे? 'दिव्याखाली अंधार' म्हणून ते मोकळे झाले. गॅरेज काकांचं. ते इंजिनाबाहेर बघत नाहीत आणि मी वायरी नि दिवे सोडून कशात नाक खुपसत नाही, म्हणून आमचं काका-पुतणीचं जमतं.

त्याने सगळं सरळ सांगून टाकलं. गाडीची सरकारी तपासणी व्हायची होती. ती पास झाली की गिऱ्हाईक तयार होतं. गाडी विकली की तो दुसऱ्या शहरात मोठ्या भावाकडे जाणार होता, भावाच्या दुकानात भागीदार म्हणून. अडलं होतं ते फक्त या दिव्यांपाशी. मी वहीत 'डावा दिवा उशिरा उघडतो' एवढंच लिहिलं. माणूस जाणार आहे, हे लिहायला वहीत रकाना नव्हता.

अशा गाडीत प्रत्येक दिव्याला स्वतःची मोटर असते. मोटर फिरते, एक दांडी दिव्याला वर ढकलते. डाव्या दांडीच्या सांध्यातला प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे दांडी घट्ट धरणारं कडं, झिजून पार खुळखुळा झाला होता. नवा मिळेना, तेव्हा मी नायलॉनचा तुकडा घेऊन लेथवर घडवायला बसले. त्यात तीन दिवस गेले. खरं सांगायचं तर दोन पुरले असते.

तिन्ही दिवस तो दुपारी दुकान बंद करून येऊन बसायचा. कामाच्या वेळी डोक्यावर कुणी उभं राहिलेलं मला खपत नाही, हे काकांनाही ठाऊक आहे. याचं मात्र खपलं. झाकण मिटल्यावर तो बॉनेटच्या फटीवरून नख फिरवायचा आणि म्हणायचा, इथे केसभर वर आहे. आणि असायचं. एकदा तो म्हणाला, काम करताना तुमची मान डावीकडे झुकते, उजव्या डोळ्याचा नंबर बघायला हवा. मी म्हटलं, बघायचं असेल तर सरळ बघा, नंबराचं निमित्त कशाला? त्यावर त्याचे कान लाल झाले. मी त्या दिवशी एक स्क्रू दोनदा पिळला.

शेवटी झोत सरळ करायची वेळ आली. भरदुपारी शटर ओढून अंधार केला. मागच्या भिंतीवर खडूने रेघा मारल्या. आमच्या कामात एक साधा नियम असतो. जो गाडी चालवणार त्यालाच चालकाच्या जागी बसवायचं, मग स्क्रू फिरवायचे. मागच्या जुन्या स्प्रिंगा वजनाने दबतात, गाडीचं नाक उचललं जातं आणि झोत वर सरकतो. मी त्याला बसवलं आणि उजवा दिवा रेघेवर आणला. तेवढ्यात तो म्हणाला, डावा मी करू का? आयुष्यभर बारीक स्क्रूच फिरवलेत.

आणि मी... मी नियमबियम विसरून त्याच्या जागी जाऊन बसले.

तो दिव्यापाशी वाकला, स्क्रू जरासा फिरवला आणि दुकानातल्या आवाजात विचारलं, "हे बरं... की हे?"

"पहिलं."

"आता हे... की हे?"

मी भिंतीकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघत होते. तरी रेघ जमली कशी, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन परत आला. तपासणीत नापास. डावा झोत बोटभर वर.

माझ्या हातची गाडी आजवर परत आली नव्हती. काकांनी हळूच विचारलं, मुद्दाम केलंस की काय गं? मी त्यांच्यावर उखडले, कारण गाडी नापास व्हावी, असं रात्रभर मीही मनातल्या मनात मागितलं होतं. बुश पाहिला, चोख. स्क्रू घट्ट. काका पान्हे घेऊन मागच्या शेडमध्ये गेले, मी शटर ओढलं आणि त्याला गाडीत बसवलं. डावा झोत बोटभर वर. त्याला उतरवून मी बसले. झोत बरोबर रेघेवर.

मी कपाळाला हात लावला. पन्नास किलोची मी बसून डावा दिवा जुळवून घेतला होता, आणि गाडी चालवणार होता तो.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "बसा. पाच मिनिटांचं काम."

ती पाच मिनिटं माझ्या जिवावर आली होती. पण खोटं काम करून कुणाला अडकवून ठेवणं मला जमणारं नव्हतं. साडेतीन आटे फिरवले. झोत रेघेवर आला. मी फडक्याला हात पुसले आणि त्याच्या खिडकीशी गेले.

"आता नक्की पास होईल," मी म्हणाले. "मग तुम्ही जाल. आणि... मला ते नकोय. झालं, सांगून टाकलं."

त्याने भिंतीवरच्या रेघेकडे बोट केलं.

"काल तुम्ही उतरलात, मी बसलो," तो म्हणाला, "आणि डावा झोत वर सरकला. मी पाहिलं. नजरेचाच तर धंदा आहे माझा... बोटभर कसं सुटेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गाडी पास झाली असती."

मला आनंद व्हायला हवा होता. आधी संताप आला. माझं काम तपासणीच्या कचेरीत चारचौघांसमोर नापास झालं, ते याला चाललं! मी तसं तोंडावर ऐकवलं. मग तो म्हणाला, उद्या जाऊन सांगतो त्यांना, तो स्क्रू मी फिरवला होता म्हणून.

"आणि भावाला काय सांगणार?"

त्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याला माझा चेहरा धड दिसतही नसणार, पण बघत माझ्याकडेच होता.

"तुम्ही थांब म्हणालात तर... येत नाही म्हणून सांगेन."

"थांबा," मी म्हणाले. "आणि ते तुम्ही-तुम्ही पुरे आता. मला कसंसंच होतं."

"थांबतो गं," तो म्हणाला.