आता बंद केलं तरी चालेल

यशोदा मला पहिल्यांदा भेटली ती भांडायलाच.

साल १९८८. मच्छे गावातल्या आमच्या कारखान्याच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता, त्यात दोन सिस्टिम घातलेल्या. चालू करताना 'डॉस' टाइप केलं की माझं स्टोअरचं काम निघे. नुसतं एंटर दाबलं की झेनिक्स, ही दुसरी सिस्टिम. ते नव्या आलेल्या मुलीसाठी होतं. सकाळी मी, दुपारी ती. त्या दिवशी माझं एक काम राहिलं म्हणून दुपारी गेलो, तर मशीन चालू, खुर्ची रिकामी. माझं डॉस लावायला मी बटण बंद केलं.

"कुणी बंद केलं हे?" दारात ती. हातात चहाचा कप.

"मीच. रोजच करतो की."

"ते तुमच्या डॉसात! ह्याला आधी सांगावं लागतंय. मग ते सगळं आवरतंय, आणि आता बंद केलं तरी चालेल, असं स्वतः लिहितंय. तोवर थांबायचं असतंय, अण्णा!"

अण्णा म्हटलेलं मला लई लागलं.

सुट्या भागांची तिची यादी त्यात पुसली गेली. दोन आठवड्यांचं काम. सोमवारी साहेब ती यादी बघणार, मग तिला ठेवायचं की नाही ते ठरणार.

"न्हाय ठेवलं तर आप्पा बोरगावला परत नेतील," ती हळू बोलली. "तिथं स्थळ बघून ठेवलंय."

राहिलेली यादी पुरी करायला रविवारी मी ऑफिस उघडून घेतलं. ती वडगावाहून, मावशीकडून, सायकलीवर आली. मी कागद वाचत गेलो, ती टाइप करत गेली.

"ते स्थळ... कसं हाय?"

"का? यादीत घालायचंय?"

पाचला यादी पुरी झाली. "आज बंद तुम्हीच करा," ती म्हणाली. तिनं सांगितलं तसं टाइप केलं आणि सवयीनं माझा हात बटणाकडं गेला.

"थांबा." तिनं हातावर हात ठेवला.

पडद्यावर एकेक ओळ येत गेली. शेवटची ओळही आली. हात कुणीच काढला नाही.

"आता चालतंय बंद केलं तर," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे की थोडं... आणि मला अण्णा म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"देवाप्पा. नाव हाय की मला."

ती पडद्याकडंच बघत होती. "नको. सवय लागंल... पुढं घेता यायचं न्हाय."

तिनं सायकल काढली, फाटकाबाहेर गेली, तेव्हा कुठं मला ते कळलं. मी तिच्यामागं पळालो.

सोमवारी तिला ठेवून घेतलं. दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. तिनं माझं नाव कधी घेतलं नाही. अहो, नाहीतर नुसतंच "ऐकलं का".

परवाच्या पावसाळ्यात यशोदा दवाखान्यात होती. दुपारी तिला गार लागेल म्हणून मी पंखा बंद करायला उठलो. तिनं हात धरला.

"देवाप्पा... थांबा की थोडं."

मी बसलो. पंखा चालूच ठेवला.