दहा मिनिटं मॉडेम बंद

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक पाय लोंबकळताना दिसला आणि मी हातातलं लाटणंच उगारलं.

“मारू नका मॅडम! नेटवाला हाय… आहे!” वरून आवाज आला.

दोन हजार सहाचा डिसेंबर. सातपूरला आमच्या कॉलनीत तेव्हा घरोघरी नेट येऊ लागलं होतं. केबलवाल्या शेठनं गच्च्यांवरून वायरी ओढल्या होत्या, आणि त्या ओढणारा हा मयूर, सुरगाण्याचा. खाली उतरला तेव्हा केसांत कोळिष्टक, दातांत स्क्रू-ड्रायव्हर, आणि हसू असं की मी लाटणं खाली ठेवायचंच विसरले.

मी उज्वला. बी.कॉम. झालेली, घरी बसलेली. नेट घेतलं तेच मुळी लग्नाच्या साइटवर माझा फोटो चढवायला. आता बोला!

मग आमची लाइन वरचेवर बिघडायला लागली. कशाला लपवू, वायर मीच सैल करायचे. माझे वडील, आप्पा, फर्स्ट शिफ्टला गेले की लगेच मयूरला फोन.

“आजही मॉडेमवर लाल दिवा?” तो दारातूनच विचारायचा.

“लालच.”

“तुमचा दिवा फार लाजरा आहे मॅडम.”

“दिव्याचं काय घेऊन बसलात? बघणाराच नीट बघत नाही.”

“बघतोय की… बघतोय म्हणून तर वायर दिसत नाही.”

असं म्हणून तो टेबलाखाली शिरायचा, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला वरून दिसायच्या. महिन्याभरात ‘मॅडम’ची ‘उज्वला’ झाले आणि ‘तुम्ही’चं ‘तू’. हातात हात म्हणाल तर एकदाच… वायर सोलताना माझं बोट कापलं तेव्हा. त्यानं चिकटपट्टी गुंडाळली, चांगले पाच वेढे. एवढ्याशा जखमेला!

आणि मग पुण्याचं स्थळ आलं. मुलगा कॉम्प्युटरमधला. फोटो आवडला, घरी येऊन पाहून गेले, पसंती आली. आप्पांनी आनंदानं गावाकडे, सगळ्या सायखेड्याला फोन केले. सुपारी फोडायची तारीखही ठरली.

“मी येऊन बोलू आप्पांशी?” मयूरनं विचारलं.

“उभा चिरतील तुला.”

“मग तू बोल.”

मी बोलणार? आप्पांनी नुसता चष्मा काढला तरी माझी जीभ टाळूला चिकटते. लहानपणापासूनचं आहे ते. पण मयूरशिवाय जगायचं नव्हतं मला, हेही तितकंच खरं. मग मी एक शहाणपणाची वाट शोधली. कसलं शहाणपण, माझं कपाळ!

“काय रे,” मी सहज विचारल्यासारखं केलं, “घरबसल्या आपला नेटवरचा पत्ता बदलता येतो का?”

“आयपी अ‍ॅड्रेस? येतो की. तो आपल्या मालकीचा थोडाच असतो, शेठच्या मशीनकडून भाड्यानं मिळतो. मॉडेम बंद कर, दहा मिनिटं थांब, परत लाव. बहुतेक वेळा दुसरा नंबर मिळतो.”

“म्हणजे आपण कोण ते कळत नाही?”

“बाहेरच्याला पटकन नाही कळत. लपवताही येतो, दुसऱ्याच्या मशीनमधून फिरून जायचं. पण उज्वला, एक गोष्ट—”

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. इतके दिवस त्याला “बाळा, बाळा” म्हणणारी आई त्या दिवशी उभीच राहिली.

“आडनाव काय रे तुझं?”

“भोये.”

“भोये… म्हणजे?”

“कोकणा आहोत आम्ही, मावशी. आदिवासी.”

“असं होय,” आई म्हणाली, आणि बिस्किटांची बशी उचलून आत घेऊन गेली. मयूरनं चहाला हात लावला नाही. पिशवी उचलून निघाला. लाजेनं मलाही त्याच्याकडे बघवेना, आणि ती ‘एक गोष्ट’ काय होती हे विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दुपारी आई भाजीला गेली तेव्हा मी मॉडेम बंद केला. घड्याळ लावून दहा मिनिटं थांबले. मेलचं नवं खातं उघडलं आणि पुण्याच्या मुलाला लिहिलं: ‘मुलीचं दुसरीकडे जमलेलं आहे. वेळीच विचार करा. आपला हितचिंतक.’ पत्ता बदललाय, आता कोण ओळखतंय, या भ्रमात मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आठ दिवसांनी पुण्याच्या मुलाचा मामा दारात. बरोबर शेठ. आणि शेठच्या मागे, मान खाली घालून, मयूर.

मामानं कागद पुढे केला. मुलानं मेलमधून नंबर शोधला होता, नंबरवरून शेठला गाठलं होतं. आणि कुठला नंबर कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या घरी होता ते सगळं शेठच्या मशीनमध्ये नोंदलेलं असतं. हीच ती ‘एक गोष्ट’. आप्पांनी कागदावर स्वतःचंच नाव वाचलं.

“माझ्या घरून गेलं हे?” आप्पांनी चष्मा काढला.



“मी पाठवलं,” मयूर म्हणाला. “त्या दुपारी लाइन बघायला आलो होतो. मला… मला उज्वला आवडते. तिला यातलं काही माहीत नाही. एकटा होतो मशीनवर, तेव्हा लिहिलं.”

खोटं! तो आलाच नव्हता त्या दुपारी.

आप्पा माझ्याकडे वळले. “उज्वला, आला होता का हा?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मयूरसुद्धा. पहिल्यांदाच मान वर करून.

“हो,” मी म्हणाले.

शेठनं तिथल्या तिथे त्याला कामावरून काढलं. आप्पांनी एक मुस्काटात दिली, ती त्यानं निमूट घेतली. आणि मामा हसून आईला म्हणाला, “चला, मुलीचा काही दोष नाही म्हणायचा. चहा टाका वहिनी.” माझ्या त्या ‘हो’नं मी धुतल्या तांदळासारखी ठरले आणि लग्न पक्कं झालं. मी मोडायला गेले होते ते मीच बांधून ठेवलं.

दोन दिवसांनी मैत्रिणीकडे जाते सांगून दिंडोरी नाक्यावर गेले. सुरगाण्याच्या जीपमध्ये तो मागच्या बाकावर बसला होता. पत्र्याची पेटी पायाशी.

“चुकले रे मी,” मला रडूच फुटलं. “का घेतलंस स्वतःवर? कशाला?”

त्यानं पेटी पायानं बाकाखाली सरकवली. ड्रायव्हर “एक सीट, एक सीट!” ओरडत होता.

“तू ‘नाही’ म्हणशील असं वाटलं होतं,” तो म्हणाला. “‘आला नव्हता, मी पाठवलं’ म्हणशील. तेवढ्यासाठीच बोललो मी. एकदा तुझ्या तोंडून निघालं असतं ना… तर आप्पांचा मार खाऊनही तिथनं हललो नसतो.”

“आत्ता सांगते! चल, आत्ता घरी जाऊन सांगते!”

“सांगशील?”

मी तोंड उघडलं. आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांसमोर आप्पा आले, हातात चष्मा घेतलेले.

मयूर माझ्याकडे बघत थांबला. मग त्यानंच बाकावर सरकून जागा केली… माझ्यासाठी नाही, एक म्हातारी चढत होती तिच्यासाठी. जीप भरली आणि सुटली.