सात नंबरचे बूट

गाव चालू.

धाडधाड पावलं आली आणि आमच्या उंबऱ्याशी थांबली. जवान वाकला. एक हात चौकटीवर, दुसरा डाव्या पायाकडं...

ठो! आत लपलेल्या खोट्या शत्रूनं त्याला टिपलं.

"सात नंबर, मेलात!" मंजुषा मॅडमचा आवाज आभाळातून आला. "दारात काय करत होता?"

"बूट काढत होतो, मॅडम... सवय हाय. आई ओरडती."

मी हसले. डोळ्यांवरचा जड चष्मा घसरेपर्यंत हसले. त्यानं मान वळवली — हसणं ऐकू गेलं होतं.

गाव बंद.

हे गाव खरं नाही. चिकलठाण्यातल्या एका ऑफिसात बसून मी ते संगणकावर बांधलं. घर मात्र आमचं, फर्दापूरचं. तोच सारवलेला ओटा, तीच खोडकर शेळी. जवान छावणीतल्या हॉलमध्ये चष्मे लावतात आणि माझ्या गावात शिरतात. घरातली पन्नाशीची बाई म्हणजे ऑफिसात चष्मा लावून बसलेली मीच, खरी सव्वीसची. नाव-पत्ता सांगायचा नाही, हा नियम. सराव घेणाऱ्या मंजुषा मॅडम शेजारच्या टेबलावरून सगळं ऐकत असतात.

सराव संपला की सगळे चष्मे काढतात. गावात उरते मी आणि शेळी. मग भाड्याच्या खोलीवर जाते. तिथं शेळीसुद्धा नाही.

गाव चालू.

"ताई, बाजूला व्हा," हे ठरलेलं वाक्य. सात नंबर नुसताच म्हणाला, "ओ, बाजूला व्हा."

"सात, ताई म्हणा!" आभाळ ओरडलं.

"ते सोडून काय बी म्हणतो, मॅडम."

माझी कानशिलं तापली. बरं झालं, आवाज माझाच असला तरी त्याला दिसत होती ती पन्नाशीची बाई.

"घरात कोण लपलंय?"

"कुणी नाय. मीच हाय."

"एकट्याच?"

"...व्हय."

"लई दिवस?"

याला ठरलेलं उत्तर नव्हतं. मी शेळीकडं बघितलं. तो थांबलेला. हात पुन्हा चौकटीवर —

ठो!

"मेलात, सात."

"चालतंय, मॅडम," तो म्हणाला. मी पुन्हा हसले.

गाव बंद.

चहा पिताना मंजुषा मॅडम कप खाली न ठेवता म्हणाल्या, "त्याची पोस्टिंग आलीय. सीमेवर. तिथल्या दारात थांबला, की परत नाही उठायचा. आणि सुलेखा... तू हसतेस म्हणून तो थांबतो."

चहा तसाच गार झाला.

गाव चालू. शेवटचं.

"थांबू नका," मी दारातूनच म्हटलं.

"मग तुमचं हसू—"

"नाय हसणार. बुटासकट आत या. माझ्या घरात. या!"

तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. मग मागं गेला, धावत आला आणि उंबरा ओलांडून माझ्या शेजारून सरळ आत घुसला. चौकटीला हातही लागला नाही.

"घर सुरक्षित!"

हेच तर हवं होतं. मग चष्म्याच्या काचा का धूसर झाल्या...

बाकीचे गेले. तो परत दाराशी आला.

"आता काढू का?"

"काढा की."

तो वाकला. डावा ओढला. उजवा ओढला.

"निघंनात ओ."

"निघतील असे बनवलेच नायत मी."

"म्हंजी खरेच काढावे लागतील. कुठं काढू?"

मी आभाळाकडं बघितलं. आभाळ खाकरलं. "मी चहाला चाललेय. गाव आपोआप बंद होईल."

"मी सुलेखा," मी घाईनं म्हटलं. "उस्मानपुरा, पाण्याच्या टाकीसमोर, जिना चढून वरची—"

"मी धम्मपा—"

गाव बंद.

किती ऐकलं त्यानं... ठाऊक नाही. तो गेला. गावही पुसलं, नव्या सरावासाठी नवं गाव आलं. जिन्यावर बुटांचा आवाज झाला की मी अजून उठते. शेजारच्यांचा दूधवाला असतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. माझ्या खोलीला उंबराच नव्हता. जिन्यातली फरशी सरळ आत येते. रविवारी सुतार बोलावला.

"भाड्याच्या खोलीला उंबरा कशाला, ताई?"

"बसवा तुम्ही."

"ठेच लागंल येणाऱ्याला."

"नाय लागायची. थांबायची सवय हाय त्याला."

सागवानी पट्टी ठोकून सुतार गेला. मी माझ्या चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, एका कडेला सरकवल्या... आणि शेजारी दोन बुटांपुरती जागा सोडली.