गाडी का हलली नाही

"माझ्या बहिणीचा जीव घेतलाय, आणि कुणी घेतला तेही मला माहीत आहे," निवृत्त इंजिनीअर म्हणाले. "तुम्ही फक्त सिद्ध करून द्या."

तपासनीस बाईंनी चष्मा पुसला. शेजारी कंपाउंडरने वही उघडली. दवाखान्यातली नोकरी सुटल्यापासून तो बाईंच्या हाताखाली होता. लिहायचा नेटकं, डोकं मात्र एक पाऊल मागे चालायचं.

इंजिनीअर आणि त्यांची बायको वर्षातले सहा महिने मुलीकडे राहत. यंदा पहिल्यांदाच मागे घरात त्यांची विधवा बहीण होती. वसाहतीत मोटारींना बंदी, दवाखाना पार फाटकाजवळ. ते मुलीकडे गेल्यावर महिन्याभरात बहिणीच्या छातीत दुखायला लागलं. तेव्हा त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "शेडमध्ये माझी गोल्फ कार्ट आहे ना? लागली तर बिनधास्त घे."

एका सकाळी ती शेडमध्ये गेली. दुपारी गाडीच्या सीटवरच सापडली, किल्ली हातात. मुलाला तिने निरोप पाठवला होता : 'दादाची गाडी हलत नाही. माझंच काहीतरी चुकत असेल.' त्याने तो पाहिला दोन तासांनी.

"आणि आम्ही परत आलो, तर गाडी एका झटक्यात सुरू! भाच्याने बिघडवली आणि तिला बाहेर काढताना गुपचूप नीट केली. आदल्या दिवशी तो शेडमध्ये गेला होता. आईला आश्रमात टाकायला निघाला होता तो. उद्या पोलिसांत जातोय मी."

"जाऊ द्या ना," दारातून त्यांची बायको म्हणाली. "त्या पोराला कशाला ओढता यात?" तिने सुती शाल आवळून घेतली. कडेला बारीक बारीक भोकं होती. कसर लागली असावी, असं कंपाउंडरला वाटलं.

शेडमध्ये बाईंनी गाडीची सीट उचलली. खाली सहा बॅटऱ्या, पाणी काठोकाठ. सगळ्यावर पांढुरकी भुकटी बसलेली. फक्त कोपऱ्यातला एक छोटा खटका स्वच्छ होता. भिंतीवर इंजिनीअरांच्या वळणदार अक्षरात यादी : 'जाण्यापूर्वी – पाणी, टायरची हवा, खटका बंद.' पुढे यंदाची तारीख, तिन्हींवर खुणा. खाली 'आल्यावर – खटका चालू, ब्रेक.' तिथे एकही खूण नव्हती.

"खूण करायची राहते का कधी?" बाईंनी विचारलं.

"माझी? शक्यच नाही," इंजिनीअर म्हणाले. "आल्यापासून मात्र यादीकडे बघायची शुद्ध कुणाला होती?"

गाडीची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकने हात झटकले. "महिन्याला पाणी आणि चार्जिंग, बास. चालवायची नाही, असं साहेबांनीच बजावलं होतं. मागच्या वर्षी बंपर घासला ना माझ्याकडून."

शेजारची नर्स हळू आवाजात बोलली. "त्यांना नेल्यावर मी किल्ली फिरवून पाहिली. गाडी ढिम्म. मग मीच नवं कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडेच होती. वहिनी मुलीकडून परत आल्या तशी त्यांच्या हातात दिली."

भाचा एवढंच म्हणाला, "आदल्या दिवशी आईची काठी आणायला गेलो होतो. ती माझ्याकडे राहायला यायला तयार नव्हती. रागाने आश्रमाचं बोललो. तेच शेवटचं बोलणं."

संध्याकाळच्या आत बाईंनी मामा, मामी आणि भाचा यांना बैठकीच्या खोलीत बसवलं.

"कुलूप लागलं तेव्हा गाडी बंद होती, उघडलं तेव्हा चालू. म्हणजे भाच्याने ती नीट केलेली नाही. आणि मुळात बिघडलीच नव्हती. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची तर सीटखालचा खटका बंद करतात. चार्जिंग होतं, पण किल्ली फिरवून चाक हलत नाही. तो खटका कुणी बंद केला, ते भिंतीवर लिहिलंय."

इंजिनीअरांचा चेहरा पांढरा पडला. "मी... दरवर्षीच करतो."

"मेकॅनिकला चालवायची मनाई, म्हणून त्याच्याही लक्षात आलं नाही. आणि परत आल्यावर तुम्ही शेडमध्ये पोचायच्या आधी कुणीतरी खटका चालू केला. कुलपाची किल्ली ज्यांच्या हातात आली, त्यांच्या शालीला खटका पुसताना लागलेल्या बॅटरीच्या ॲसिडची भोकं आहेत."

कंपाउंडरने वही मिटली.

"तुला ठाऊक होतं?" इंजिनीअरांनी बायकोकडे पाहिलं.

"दार उघडलं आणि ती यादी दिसली," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला हे कळलं तर तुम्ही जगणार नाही. तुम्ही याचं नाव घ्याल, हे मला कुठे माहीत होतं? रोज ठरवत होते, आज सांगते, आज सांगते."

"फोनवर मी तिला घे म्हणालो," इंजिनीअर पुटपुटले. "खटक्याचं बोललोच नाही. एक वाक्य." त्यांनी भाच्याकडे हात पुढे केला. "बोल रे. शिव्या दे."

भाचा उठला. "मामा, तुम्ही माझ्यावर आळ घेतलात तेव्हा बरं वाटलं होतं. कुणीतरी मला शिक्षा करतंय असं वाटलं." त्याने चपला घातल्या आणि तो निघून गेला. हात तसाच हवेत राहिला. बायकोने तो धरला, त्यांनी सोडवून घेतला.

रस्त्यावर आल्यावर कंपाउंडरने विचारलं, "बाई, सांगायलाच हवं होतं?"

"उद्या तो पोरगा कोठडीत असता."

"पण आता?"

"आता तीन माणसं तीन खोल्यांत बसतील," बाई म्हणाल्या, आणि फाटकाकडे चालू लागल्या.