सात-दहाचा साक्षीदार

माणूस सायकलवरून पडला की आधी स्वतःला चाचपून बघतो. ती पडली आणि तिनं आधी डबा चाचपला. निळ्या डब्यात पहाटेपासून घरोघर फिरून गोळा केलेले अकरा जणांच्या रक्ताचे नमुने होते, आणि त्यातल्या एका आजींची शीर सापडायलाच वीस मिनिटं लागली होती. नळ्या अकराच्या अकरा शाबूत निघाल्या. मग कुठे तिला कळलं, की आपण भर रस्त्यात बसलोय, कोपर सोलून निघालंय आणि समोर एक तरुण उभा आहे... मनगटापर्यंत प्लॅस्टरनं पांढरा झालेला. त्याच्या चिमटीत एक दात होता.

"हा... माझा आहे?" तिनं घाबरत विचारलं.

"छे, छे. हा एका निवृत्त हेडमास्तरांचा," तो म्हणाला. "तुमचे सगळे जागेवर आहेत. मी बघितले."

"एवढ्यात बघितलेतसुद्धा?"

"धंदाच आहे आमचा," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

धडक देणारी गाडी चार पावलांवर थांबली होती. त्यातून पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले, तेव्हा हातातला फोन अजून उजळलेलाच होता. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "माफ कर गं बाळ, लक्षच नव्हतं माझं," असं ते दोनतीनदा म्हणाले. तिचं मन मुळातच मऊ. पडलेली ती, आणि धीर द्यायला लागली त्यांना. "काही नाही झालं, काका. जा तुम्ही निवांत."

काका गेले. तरुणानं खिशातून पेन्सिल काढली. कागद सापडेना, म्हणून मागच्या कोपऱ्यावरच्या खोलीच्या दाराजवळच्या टेबलावरचा कुणाच्या तरी जबड्याचा साचा उचलला आणि त्याच्या बुडाशी गाडीचा नंबर लिहून टाकला.

ती खोली म्हणजे कवळ्या आणि दात बनवायचं वर्कशॉप होतं. तो आणि त्याची थोरली बहीण मिळून ते चालवत. ताईनं तिला खिडकीपाशी बसवलं, कोपर धुवून पट्टी बांधली, आणि का कोण जाणे, भावाकडे बघून गालातल्या गालात हसत आत निघून गेली.

"तक्रार नोंदवा," तो म्हणाला.

"एवढ्याशा खरचटण्याची? ते काका केवढे घाबरले होते..."

"म्हणूनच. घाबरलेला माणूस घरी गेला, की त्याला सगळं वेगळंच आठवायला लागतं. आणि तुम्ही गप्प बसलात, तर त्याला तरी कसं कळणार, की आपण फोन बघताना समोरचा माणूस आडवा होतो? आज तुम्ही उठलात. पुढच्या वेळी कोण असेल, आणि उठेल की नाही..."

"तुम्ही फार बोलता."

"एरवी नाही बोलत. ताईला विचारा."

तिला हसू आलं. तो ते हसू जरा जास्तच वेळ बघत राहिला. "हे अस्सल आहे हं," तो पुटपुटला. "अशी छटा आमच्या दातांच्या पेटीत नाही." गाडी अंगावर आली तेव्हा धडधडलं नव्हतं इतकं तिच्या छातीत आता धडधडलं.

घरी आईचं म्हणणं ठरलेलं होतं. हातपाय धड आहेत ना, मग पोलिसांच्या भानगडीत कशाला पडायचं? तिलाही ते पटलं. पण दुसऱ्याच दिवशी लॅबच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. काकांनी डब्यावरचं लॅबचं नाव वाचून फोन केला होता. तुमची मुलगी सायकल घेऊन एकदम आडवी आली, घंटी नाही की काही नाही, सांभाळा तिला, असं त्यांचं म्हणणं.

"तुझं म्हणणं कुठे नोंदवलंयस का?" साहेबांनी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. "मग माझ्यासमोर एकच बाजू आहे बघ. सोक्षमोक्ष लागेपर्यंत फेरी बंद. काउंटरवर बस."

काउंटरवर पंखा होता, खुर्ची होती, पण तिचा जीव तिथे रमणार कसा? त्या आजी दुसऱ्या कुणाला हातच लावू देत नसत. चौथ्या मजल्यावरचे आजोबा सुई टोचताना तिच्याशी मुद्दाम भांडायचे, म्हणजे भीती वाटत नाही. तिचं काम म्हणजे ही माणसं होती, आणि ती सगळी एका फोनमुळे हातातून चालली होती. खरं तर तिच्याच गप्प बसण्यामुळे.

संध्याकाळी ती तडक वर्कशॉपवर गेली. "उद्या सकाळी तक्रार देतेय. साक्षीदार म्हणून याल?"

तिला वाटलं होतं, तो चप्पल घालूनच निघेल. तो मात्र हातातली कवळी उलटीसुलटी करत राहिला. "जबाब द्यावा लागेल ना... म्हणजे, काय काय विचारतात?"

"कुठे होतात, काय पाहिलंत, कसं पाहिलंत."

"कसं पाहिलंत, हेही विचारतात?" तो पुन्हा लाल झाला. "नंबर आहेच की त्या साच्यावर, तो घेऊन जा. माझं... कशाला?"

तिला ते फार लागलं. "सल्ला द्यायला सोपा असतो," ती म्हणाली, आणि साचा उचलून चालती झाली. वाटेत डोळे भरून आले, तेव्हा तिनं सगळा दोष कोपराच्या दुखण्यावर ढकलला.

पोलीस चौकीतल्या बाई शांत होत्या. टेबलावर ठेवलेला जबडा बघून त्यांची भुवई तेवढी वर गेली. नंबर उतरवून घेऊन त्यांनी काकांनाही बोलावून घेतलं. काका तिच्या नजरेला नजर देत नव्हते. "ती एकदम वळली हो. घंटीसुद्धा वाजवली नाही," ते म्हणाले.

"घंटी ऐकलेलं दुसरं कुणी आहे?" बाईंनी तिला विचारलं.

ती नाही म्हणणार, एवढ्यात दारातून आवाज आला, "मी आहे."

तो दारात उभा होता, हात स्वच्छ धुतलेले, केस ओले करून बसवलेले. बाईंनी त्याला बसवलं आणि कागद पुढे ओढला.

"तेव्हा काय करत होतात?"

"खिडकीत होतो. दाताचा रंग जुळवायला सकाळचा उजेड लागतो."

"म्हणजे लक्ष दातावर होतं. मग रस्त्यावरचं कसं दिसलं?"

त्यानं टेबलाकडे बघितलं, जबड्याकडे बघितलं. मग एकदाचा श्वास घेऊन म्हणाला, "दातावर नव्हतं लक्ष. रोज सात वाजून दहा मिनिटांनी नसतंच. या रोज त्या वळणावर दोनदा घंटी वाजवतात... आठ महिने झाले. घंटी ऐकली की मी हातातलं काम खाली ठेवतो. नाव माहीत नव्हतं. ताई यांना सात-दहा म्हणते. 'गेली तुझी सात-दहा, आता दात बघ,' म्हणते. त्या वेळचे किती दात चुकीच्या रंगाचे होऊन परत आलेत, त्याचा ती पुरावा देईल."

 बाईंचं पेन चालत होतं.

"त्या दिवशी घंटी दोनदा नाही, सारखी वाजत होती," तो पुढे म्हणाला. "म्हणून मी उठून उभा राहिलो. या आपल्या कडेनंच चालल्या होत्या. काकांची मान खाली होती. ती शेवटपर्यंत वर झाली नाही."

काकांनी चेहरा ओंजळीत धरला. मग म्हणाले, "मुलीचा निकाल होता. तिचा मेसेज वाचत होतो. घरी गेलो, आणि... मला वाटत गेलं, की तूच आडवी आली असशील. नाहीतर मी काय करून बसलो होतो, ते सहन होईना." ते बाईंकडे वळले. "खरं तेच लिहा, बाई. सगळं लिहा."

तिला राग आलाच नाही. काका वाईट नव्हते. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, एवढंच.

तो सही करत होता, मान खाली घालून. ती बाईंकडे वाकली. "जबाबाची प्रत... तक्रारदाराला मिळते का हो?"

"कशाला? लॅबसाठी?"

"लॅबला एक," ती म्हणाली. "आणि एक... मला."

बाईंनी न हसता दोन प्रती काढल्या.

सोमवारी तिची फेरी सुरू झाली. सात वाजून दहा मिनिटांनी वळणावर दोनदा घंटी वाजली, आणि पाठोपाठ ब्रेक दाबल्याचा आवाज आला. तो खिडकीत होता.

"आज कुणाचा दात?" तिनं एक पाय जमिनीवर टेकवत विचारलं.

"कुणाचाच नाही. या वेळी काम घ्यायचं नाही, असं ताईनं सांगितलंय."

"आठ महिने," ती म्हणाली. "एकदा हाक मारता आली नाही?"

"तुम्ही रस्त्यावर होतात ना. लक्ष विचलित झालं असतं तर..."

तिनं सायकल स्टँडला लावली, निळा डबा हातात घेतला आणि त्याच्या दारात येऊन उभी राहिली. "आता नाहीये रस्त्यावर," ती म्हणाली. "मार हाक."

त्यानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली.