लंगडा पूल

माझी बायको पूल बांधते. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हाच मला कळलं होतं, की या बाईबरोबर प्रवास म्हणजे जरा पुढे गेलं की गाडी कडेला घ्यायची, तिने खाली उतरून रस्त्याखालच्या एखाद्या मोरीच्या पोटात डोकावायचं आणि मी वर तिच्या चपला सांभाळत उभं राहायचं. सासूबाई म्हणतात, "बायकांना सवत असते, आमच्या जावयाला पूल आहेत."

त्या शनिवारी मात्र आम्ही तिच्याच पुलाकडे निघालो होतो. मोठ्या नदीवरचा, सर्वस्वी तिने आखलेला पहिला पूल. रविवारी सकाळी त्याचं उद्घाटन होतं. तिने तिथे वर्षानुवर्षं ऊन सोसलं होतं आणि मी फक्त फोनवरचे फोटो पाहिले होते. ऑफिसची गाडी तिने नाकारली. "आपण दोघंच जाऊ, रमतगमत," म्हणाली. मी चष्म्याचं दुकान बंद ठेवलं आणि शटरवर पाटी लावली: बायकोचा पूल बघायला गेलो आहे.

"लोक हसतील अरे," ती म्हणाली.

"हसू देत. ज्यांच्या बायकांनी पूल बांधलेत त्यांनीच हसावं."

मी डोळे तपासतो. कोणी "मला अमुक दिसलं" म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या डोळ्याने, किती लांबून, उजेड कसा होता. त्यामुळे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे ते मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, भर दुपारी, स्वच्छ उजेडात.

जेवून निघालो आणि थोड्याच वेळात हायवे बंद झाला. लाल-पांढरे पिंप आडवे लावलेले, आणि चकाकतं जॅकेट घातलेला एक माणूस झेंडी घेऊन उभा. पुढे दरड आली होती.

"डावीकडून जा," तो म्हणाला. "रस्ता चांगला आहे."

"पुढे परत हायवेला लागतो ना?" बायकोने विचारलं.

"सगळे तिकडूनच जातात," तो म्हणाला.

रस्ता खरंच चांगला होता. दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडं, खाली कुठेतरी पाण्याचा आवाज. बायको गाडी चालवत गुणगुणत होती. एका वळणावर तिने एक जुनी दगडी मोरी हेरली, उतरून पाहून आली, गुडघ्यांना चिखल घेऊन परत बसली. माझ्या हातात चपला. सगळं नेहमीसारखं.

मग गाव लागलं. उताराचा एकच रस्ता, नुकताच झाडून पाणी मारल्यासारखा. शिंप्याचं दुकान उघडं होतं. मशीनच्या सुईखाली अर्धी शिवलेली बाही तशीच होती. पुढे न्हाव्याचं दुकान, खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल. सायकलवाल्याकडे एक चाक उलटं टांगलेलं, आणि ते अजून हळूहळू फिरत होतं. माणूस मात्र कुठे दिसेना. दुपारच्या झोपेची वेळ असेल, मी मनात म्हटलं. रस्ता संपत आला, वळला, आणि बायकोने इतक्या जोरात ब्रेक दाबला की गाडी गचका देऊन बंदच पडली.

समोर पूल होता.

तो पूल मी ओळखत होतो. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो, तेव्हा सासऱ्यांनी कपाटावरून एक पुठ्ठ्याचा नमुना जपून खाली काढला होता. कॉलेजात असताना तिने केलेला. एक मोठी कमान आणि तिला लागून एक लहान, लहानगीने मोठीचं बोट धरल्यासारखी. तिच्या सरांनी भर वर्गात तो हातात धरून विचारलं होतं, "हा लंगडा पूल कोणाचा?" वर्ग खो खो हसला. तो कुठेच बांधला गेला नाही. सासरे मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचे, आणि दाखवताना त्यांचा आवाज थोडा चढायचा.

तो इथे उभा होता. दगड-काँक्रीटचा, जुना, सांध्यांतून शेवाळ धरलेला. कठड्यांवर हात फिरून फिरून ते गुळगुळीत झाले होते.

ती उतरली. खाली जाऊन मोठ्या कमानीच्या बुडाशी तळहात टेकवून उभी राहिली. वर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"माझाच आहे," ती म्हणाली. "कमानीचा बाक, खांबांची जाडी, सगळं. ही मापं माझ्या वहीबाहेर गेलीच नव्हती रे."

"कोणीतरी तुझ्यासारखाच विचार केला असेल."

"इतका?"

खरं सांगायचं तर मला उत्तर नकोच होतं. मला फक्त वाटत होतं, त्या सरांना कॉलर धरून इथे आणावं आणि म्हणावं, बघा.

पुलाच्या तोंडाशी चहाची टपरी होती. खुर्च्या सगळ्या एकाच दिशेला, पुलाकडे तोंड करून मांडलेल्या. टपरीवरच्या बाई साठीच्या असाव्यात, नीटनेटक्या, कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या.

"बसा ताई," त्या बायकोला म्हणाल्या. "इथून चांगला दिसतो."

"मावशी, हा पूल कोणी बांधला?"

"ते नाही बाई ठाऊक. आमच्या जन्माआधीपासून आहे. पण असा दुसरा दाखवा कुठे." त्यांनी पदराने खुर्ची पुसली. "आमचा लंगडा."

बायकोने चहाचा कप घेता घेता मान वर केली. मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती दचकली असेल. ती हसत होती. ज्या शब्दाने तिला एके काळी आठवडाभर रडवलं होतं, तो शब्द या बाईंच्या तोंडी लाडक्या लेकराच्या नावासारखा आला होता.

एवढ्यात गावातून माणसं येऊ लागली. एक म्हातारा छत्री घेऊन. दोन बायका हातात हात घालून. गळ्यात टेप लटकलेला एक माणूस, तो शिंपीच असणार. प्रत्येक जण पुलाशी थांबायचा, कठड्यावरून हात फिरवायचा, लहान कमानीकडे बघून हसायचा आणि पुढे निघायचा. पलीकडच्या टोकाशी पूल झाडीत शिरत होता. तिथे माणूस पोचला की दिसेनासा व्हायचा.

"केवढं कौतुक आहे यांना," बायको म्हणाली.

मी मोजत नव्हतो. पण नजर तपासायची सवय असली की माणूस नकळत बघत राहतो. माणसं जात होती. दुसरा चहा झाला, ऊन कलायला लागलं, माणसं जातच होती. आणि पलीकडून कोणीही येत नव्हतं.

"मावशी, पलीकडे काय आहे?"

"पलीकडे?" त्यांनी भांडं विसळता विसळता पुलाकडे पाहिलं. "आमचे हे तिकडेच आहेत. लेक-जावईही गेले."

"परत कधी येतात?"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. येडं पोर काहीतरी विचारतं तेव्हा मोठी माणसं बघतात तसं. "यायचं कशाला?"

"मग तुम्ही नाही गेलात?"

"माझं अजून भरलं नाही," त्या म्हणाल्या. "बघत बसायचं. बघता बघता ऊर भरून येतो. एकदा गच्च भरला की मग निघायचं. कोणी सांगावं लागत नाही."

त्या हे इतक्या शांतपणे बोलल्या, जणू दूध उतू जाण्याबद्दल बोलत होत्या. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. एकच भांडं त्या मघापासून विसळत होत्या आणि डोळे पुलावरून हलले नव्हते.

मी म्हणालो, "निघू या आपण. उजेडात हायवेला लागलेलं बरं."

शेजारची खुर्ची रिकामी होती.

ती पुलावर होती. ताठ मानेने, हात जरासे पसरून चालली होती, दोन्ही बाजूंचे कठडे एकदम शिवायचे असल्यासारखी. मी तिला असं चालताना कधी पाहिलं नव्हतं. ऑफिसात तिच्या आराखड्यांवर दुसऱ्यांच्या सह्या झाल्या होत्या. साइटवर कित्येक वर्षं लोक तिला "साहेब कुठेत?" विचारायचे. आज ती स्वतःच्या पुलावर चालत होती, आणि बाजूने जाणारा प्रत्येक जण तिच्याकडे कौतुकाने बघत होता. माझी छाती एवढी फुलली की श्वास पुरेना. वाटलं, ही माझी. हा हिने बांधला. बघा, बघा.

हाताला गार दगड लागला.

मी कठड्याला धरून उभा होतो. पुलावर. खुर्चीतून कधी उठलो, किती चाललो, काही आठवेना. टपरी बरीच मागे राहिली होती. माझ्या बाजूने त्या छत्रीवाल्यासारखाच कोणी म्हातारा हसत पुढे गेला, आणि माझा पाय त्याच्या पायाबरोबर उचलला गेला.

मी दोन्ही हातांनी कठडा पकडला. "ए, थांब!" मी ओरडलो.

ती थांबली नाही.

"अगं, परत ये! उशीर होतोय!"

तिने मागे न बघता हात हलवला, येते येते म्हणतात तसा. ती मोठी कमान ओलांडून लहानीवर पोचली होती. पुढे झाडी.

मला पळत जायचं होतं. पण एकेक पाऊल टाकलं की ऊर आणखी भरत होता, आणि मला कळलं, की तिच्यापर्यंत पोचेन तेव्हा परत यावं असं मलाच वाटणार नाही.

मी तिच्या कामाला कधी नाव ठेवलेलं नाही. एकदाही नाही.

"तुझा पूल चुकलाय!" मी ओरडलो.

तिचं पाऊल अडखळलं.

"लहान कमान खचलीय! इथून दिसतंय मला! सर बरोबर होते तुझे. लंगडाच आहे हा!"

पुलावरची सगळी माणसं थांबली. सगळी माझ्याकडे वळून बघू लागली. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं दुःख होतं.

आणि ती वळली.

ती ताडताड चालत आली. गाल लाल, ओठ मिटलेले. माणसं बाजूला सरकून तिला वाट देत होती. उलट्या दिशेने येणारं माणूस त्यांनी कधी पाहिलं नसावं. ती हाताशी आली, तोंड उघडलं, आणि मी काही ऐकून न घेता तिचं मनगट धरून तिला ओढत टपरीपर्यंत, टपरीपासून गाडीपर्यंत आणलं.

टपरीवरच्या मावशी उभ्या राहिल्या होत्या. "अशा कशा परत आल्या?" त्या कोणालातरी विचारत होत्या. तिथे कोणी नव्हतं.

या वेळी गाडी मी चालवली. आलो त्याच वाटेने. फाट्यावर ना पिंप होते, ना झेंडीवाला. हायवे मोकळा होता. ट्रक धडधडत जात होते, दोन्ही दिशांना. ते दोन्ही दिशांना जाणारे ट्रक बघून मला रडू आलं.

ती म्हणाली, "कमान खचलेली नाहीये."

"माहितीय."

"मग असं का ओरडलास?"

"तू थांबत नव्हतीस. मी हाका मारत होतो."

"हो, ऐकल्या ना. म्हणून तर येत होते तुझ्याकडे."

मी गाडी कडेला घेतली. "माझ्याकडे? मी तुझ्या मागे होतो."

"मागे कोणीतरी नावं ठेवत होतं," ती सावकाश म्हणाली. "तू पलीकडे होतास. झाडांपाशी, कठड्याला टेकून. ये, बघ किती सुंदर झालाय, म्हणत होतास. मला एवढा राग आला, म्हटलं आधी त्या मूर्खाला दाखवून येते, मग जाते तुझ्याकडे."

ती माझ्याकडे बघत होती. पेशंट तक्त्याच्या शेवटच्या ओळीकडे बघतात तसं, डोळे बारीक करून. एक हात दाराच्या कडीवर होता.

"तुला कसा वाटला माझा पूल?" तिने विचारलं.

जे वाटलं होतं ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"लंगडा," मी म्हणालो.

तिने कडीवरचा हात काढला.

रविवारी सकाळी तिचा नवा पूल मी पहिल्यांदा पाहिला. त्याबद्दल इथे मी काही लिहिणार नाही. अजून कोणी त्यावरून गेलं नव्हतं. पलीकडचं टोक पत्रे लावून बंद होतं, तिकडच्या काठावर चिटपाखरू नव्हतं. मंडपात भाषणं झाली. मग तिला पुढे बोलावलं, आणि सगळे उठून उभे राहिले. केवढा टाळ्यांचा कडकडाट. सासूबाई रडत होत्या. मी पहिल्या रांगेत उभा होतो. तिने सांभाळायला दिलेली पर्स मी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

टाळ्या ओसरल्या. लोक खाली बसले.

नदीपलीकडून एकाच माणसाच्या टाळ्या येत राहिल्या.

"वा, काय घुमतंय!" मागून कोणीतरी म्हणालं.

तिने तिकडे पाहिलं नाही. तिने पर्स धरलेल्या माझ्या हातांकडे पाहिलं.